मधुकाकांची अकरा मिन्टं

मधुकाका गिजऱ्यांचं कुणी माझ्यापुढं कौतुक केलं की माझं टाळकं सटकतं. "लय विद्वान माणूस," म्हणत्यात. कसला डोंबलाचा विद्वान! जगाला आयुष्य सांगत फिरायचा आन् मांडीवरच्या बॅटरीचं आयुष्य कळंना. मी जोतीराम. फौजेत सिग्नलला एकवीस वर्षं काढली, हवालदार म्हणून सुटलो आन् कोरेगावात स्टँडामागं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. वायरलेसच्या बॅटऱ्या भरण्यात आन् तपासण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. तवा ह्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

तर हे मधुकाका. मूळचे वाईचे, कोरेगावात कचेरीत टायपिस्ट हुते. नोकरी करता करता पत्रिका मांडायचे. अक्षर मातर मोत्यावानी, ते मी नाकारत न्हाई. लाल शाई, काळी शाई, कडंनं वेलबुट्टी. बायको लवकर गेली, एकुलता पोरगा अनीश बंगलोरला नोकरीला लागला आन् काका रिटायर होऊन घरी बसले. तेवढ्यात साताऱ्यात कॉम्प्युटरची पत्रिका निघाली. झालं! आमची माणसं म्हंजे काय इचारू नका. हातानं लिव्हलेलं चुकतं आन् मशिनीतनं आलेलं बरोबर, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. गणित त्येच, आभाळातली गिरं त्येच, पर छापून आलं म्हंजे ब्रह्मवाक्य. दोन वर्षं काकांच्या दारात कुणी चप्पल काढली न्हाई. सकाळच्याला ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे, आन् माणसं घाई हाय म्हणून फुडं जायची.

सत्त्याण्णव साली अनीशनं हापिसातला जुना लॅपटॉप बापाला आणून दिला. त्यात पत्रिकेचा प्रोग्राम घातलेला. आठ दिवसांत काकांचा रुबाब बदलला. आता ते लग्न जमवायला गावोगाव जायला लागले, आन् मशीन देवपूजेच्या रेशमी वस्त्रात गुंडाळलेलं. ते सोडायचं, झाकण उघडायचं, चालू व्हायलाच दोन-तीन मिन्टं, मग पडद्यावर गणपती यायचा. गणपती आला की सगळी बैठक हात जोडायची! बाया कुंकू लावायला फुडं व्हायच्या, तेवढं काका नको म्हणायचे. तेवढी अक्कल हुती.

घरी आलं की मशीन देवघरात. रात्रंदिस चार्जिंगला. नंदादीप कसा इझू द्यायचा न्हाई, तशी ही बॅटरी उतरू द्यायची न्हाई, असा त्यांचा नेम. कुणी सांगितलं हुतं? कुणी न्हाई. स्वतःच्याच डोक्यानं.

एकदा माझ्या दुकानात वायर बदलायला आले तवा मी मशिनीला खालनं हात लावला. चटकाच बसला. म्हणलं, "काका, बॅटरी मरंल अशानं. सारखी जोडून ठेवू नगा. चालवा, पार उतरवा, मग भरा."

त्येनी बॅटरीवरचं बारकं बटण दाबलं. चार हिरवे दिवे लागले. "बघा जोतीराम, चारही. शंभर टक्के. शिवाय मी हिची पत्रिका मांडलेली आहे."

मला वाटलं चेष्टा करत्यात. चेष्टा न्हाई! बॅटरीवर कागद चिकटवलेला असतो, त्यावरची तारीख ही जन्मतारीख. जन्मठिकाण सिंगापूर. जन्मवेळ ठाऊक न्हाई म्हणून सूर्योदय धरलेला. "शनी उत्तम स्थानी आहे. दीर्घायू योग," म्हणाले. मी हातातली डाक द्यायची कांडी तशीच धरून बघत बसलो. उंटावरचा शहाणा म्हणत्यात तो ह्योच.

मी त्यांना समजावलं, माझीच चूक. म्हणलं, "काका, पिंप भरलंय येवढंच दिवा सांगतो. त्या पिंपाची वाटी झालीया, ते न्हाई सांगत. ते बघायचं तर घड्याळ लावायचं. बॅटरी पुरी भरायची, वायर काढायची, मशीन चालू करायचं आन् बंद पडंस्तवर मिन्टं मोजायची. नवी असताना किती आन् आता किती. ही बॅटरीची तब्येत. फौजेत आमी दर महिन्याला बघायचो."

"तुमची फौज वेगळी," काका म्हणाले आन् मशीन वस्त्रात गुंडाळून गेले.

आता त्या बॅटरीनं कुणाचं वाटोळं केलं ते ऐका. माझा धाकटा भाऊ ज्ञानू, त्याची पोरगी राजेश्वरी. डी.एड. झालेली, शाळेत मास्तरीण. शब्दाला पक्की. तिला कराडच्या पल्याडच्या दादासोंच्या घरचं स्थळ आलं. दादासोंचा ऊस, बागायत, आन् पोरगा ऋषिराज शिकलेला. पोरगं-पोरगी अर्धा तास बोलली आन् दोघंबी हसतच बाहेर आली. राहिली काय तर पत्रिका. दादासोंची बायको चंद्राबाई म्हणाली, "पत्रिका तेवढी मशिनीवर बघू." बोलवा मधुकाकाला!

अठ्ठ्याण्णवचा मे म्हैना. भर दुपारी ज्ञानूच्या घरात बैठक. काका आले, वस्त्र सोडलं, वायर भिंतीला लावायला गेले आन् लाईट गेली. आमच्यात लाईट जाणं म्हंजे काय नवाई न्हाई, पर काकांना ऊत आला. "असू द्या, असू द्या. हे यंत्र विजेवर अवलंबून नाही. तीन तास चालतं," म्हणाले. गणपती आला, बैठकीनं हात जोडले. मग ऋषिराजची जन्मतारीख, वेळ, गाव. त्याची पत्रिका पडद्यावर आली. काकांनी राजयोग का काय त्यो सांगितला, चंद्राबाईचं तोंड फुललं. मग काका म्हणाले, "आता मुलीचं नाव." आन् राजेश्वरी हे चार अक्षरांचं नाव टायपून बोट उचलतंय न उचलतंय, तोवर पडदा काळा.

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. "आगं बाई! पोरीचं नाव घेतलं आन् गेलं की वं!"

मी दारात हुतो. मला वाटलं, काका आता म्हणतील, बॅटरी संपली. दोन शब्द. कावळा बसायला आन् फांदी मोडायला गाठ पडली, येवढंच सांगायचं हुतं. पर त्या माणसानं झाकण मिटलं, वस्त्र गुंडाळलं आन् आवाज बारीक करून म्हणाला, "यंत्रानं नकार दिला. असं मी कधी पाहिलं नाही."

मी भडकलो. "आवं, बॅटरी मेलीया ती! काय नकार देतंय?" म्हणलं. पर मी पोरीचा चुलता. माझं कोण ऐकणार? दादासोंची माणसं च्या न पिताच उठली.

म्हैन्याभरात कोरेगाव तालुक्यात झालं, 'मशीन बंद पाडणारी पोरगी.' आणखी दोन स्थळं येणार हुती, ती वाटंतनंच परतली. शाळंतल्या बाया राजेश्वरीला हसून बोलायच्या आन् मागं कुजबुजायच्या. एके दिवशी ती दुकानात आली, स्टुलावर बसली. रडली बिडली न्हाई.

"नाना, लगीन न्हाई झालं तर मी मरत न्हाई," म्हणाली. "पर माझं नाव घेतलं की माणसं डोक्यावरच्या दिव्याकडं बघत्यात. माझ्या नावावरनं येवढं काढून टाका. तुमाला येतंय ते."

येतंयच की मला. पर मशीन काकांच्या देवघरात, मी करणार काय? तर आठ दिवसांत काका स्वतःच आले. दुपारच्याला, मागल्या दारानं. वस्त्र बी नव्हतं, बाजाराच्या पिशवीत मशीन.

"जोतीराम, लाईट नसली की हे सगळीकडेच अकराव्या मिनिटाला जातं हो. काल औंधला गेलं, परवा रहिमतपूरला गेलं. कुणाला सांगू नका, पण बघा जरा."

"म्हंजे तुमाला ठाव हुतं!" मी वरडलो. "आमच्या पोरीच्या येळंला बी ठाव हुतं?"

"शंका होती." मान खाली. "दहाच मिनिटांपूर्वी तीन तास म्हणालो होतो. तोंडातून निघून गेलं. बॅटरी मेली म्हटलं असतं, तर मला पुन्हा कुणी बोलावलं असतं का? हे नसलं की मी कोण? ओट्यावरचा म्हातारा."

मला त्याची दया आली न्हाई. आज थोडी येती, त्या दिशी राग आला. स्वतःचा ओटा भरलेला राहावा म्हणून पोरीच्या तोंडाला काळं फासलं, आन् वर रडगाणं! म्हणलं, "बघतो. पर निकाल दादासोंच्या घरात लावायचा, चारचौघांत. कबूल असंल तर ठेवा, न्हाईतर उचला." त्येनी एकदा पिशवीला हात घातला. मग पिशवी ठेवून गेले.

मी रीतीनं तपासलं. पुरी भरली, चारी दिवे हिरवे. वायर काढली, घड्याळ लावलं. अकरा मिन्टं. परत भरली, परत उतरवली. अकरा. तिसऱ्यांदा बारा. मशिनीबरोबर आलेल्या पुस्तकात लिव्हलेलं, नवी असताना अडीच तास. म्हंजे दीडशे मिन्टांची अकरा राहिलेली. दिवे मातर दर वेळी चारी लागायचे, निर्लज्जावानी.

मग मी, काका आन् ते मशीन, आमी दादासोंच्या घरी गेलो. राजेश्वरी म्हणाली, "मी येत न्हाई, तुमी नीट करून या." दादासोंकडं बैठक भरलेलीच हुती. त्यांची पोरगी शालन, तिची सुपारी सांगलीत फुटलेली, आन् तिच्या होणाऱ्या सासऱ्याचा भाऊ लग्नाची बोलणी करायला आलेला. मला वाटलं, बरंच झालं, चार माणसं साक्षीला मिळाली.

मी काकांना एक अक्षर बोलू दिलं न्हाई. घड्याळ मधी ठेवलं. म्हणलं, "दादासो, हे मशीन अकराव्या मिन्टाला बंद पडतंय. कुणाचं बी नाव घाला. माणसाचं घाला, बैलाचं घाला, ते अकराव्या मिन्टालाच मरणार. बॅटरी मेलीया. आमच्या पोरीचा काय संबंध न्हाई."

दादासो मिशीतल्या मिशीत हसले. "फौजी, भावाच्या पोरीसाठी बोलायलाच पायजे तुमाला."

त्ये हसणं माझ्या डोक्यात गेलं. बैलाचं नाव घालायचं त्ये मी घातलं न्हाई. म्हणलं, "आसं व्हय? काका, घाला मग ह्यांच्याच पोरीचं. घाला शालन."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "जोतीराम, तुमचं घालूया की. किंवा माझं."

"शालन घाला म्हणतोय न्हवं!"

त्येनी घातलं. पडद्यावर शालन असं नाव, आन् आमी सगळी बघत बसलो. पाच मिन्टं. आठ मिन्टं. धा मिन्टाला शालन च्याचा ट्रे घेऊन सोप्यात आली, तिला काय चाललंय ते ठाऊक बी नव्हतं. अकराव्या मिन्टाला पडदा काळा झाला. मी मांडीवर थाप मारली. "बघा! काय म्हणलं हुतं मी?"

कुणी घड्याळाकडं बघितलं न्हाई. सगळी शालनकडं बघत हुती. चंद्राबाई उठली आन् तिनं पोरीच्या हातातला ट्रे काढून घेतला. "माझ्या बाय, तुझं बी?" म्हणाली. सांगलीचा पाव्हणा उठून चपला घालायला लागला.

मी वरडून वरडून सांगितलं. अकरा मिन्टं, पिंप, वाटी, सगळं सांगितलं. चंद्राबाई म्हणाली, "मिन्टं आसतील वं. पर तिचंच नाव असताना का गेलं?" काय बोलणार ह्या अकलंफुडं? आठव्या दिशी सांगलीसनं निरोप आला, सुपारी मोडली.

आन् फुडची गंमत ऐका. दादासोंचा निरोप ज्ञानूला आला की राजेश्वरीला आमी करून घेतो. कसं काय? तर त्यांनी साताऱ्यातल्या दुसऱ्या कुण्या शहाण्याला इचारलं. त्यो म्हणाला, मंगळाला मंगळ चालतो, तसा हा दोष आता दोन्ही घरांत हाय, दोषाला दोष मारतो, खुशाल लगीन करा. ज्ञानूनं पेढे आणले. मी बी एक खाल्ला, खोटं कशाला बोलू.

राजेश्वरीनं पेढ्याला हात लावला न्हाई. मला बाजूला घेतलं. "नाना, ह्याला म्हणत्यात हात दाखवून अवलक्षण. माझं नाव तुमी धुतलं न्हाई. शालनच्या नावानं पुसलं."

"आगं, मला काय ठाव, ती माणसं येवढी खुळी असतील?"

"ठाव हुतं. माझ्यावर तीच येळ आली हुती की. तुमचं नाव का न्हाई घातलं?"

काय सांगू? दादासोंना डिवचायचं हुतं म्हणून? तिला कळलंच हुतं. म्हणाली, "शालनचं जमंस्तवर मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाई. ऋषिराजला मी पत्र टाकलंय, त्यो थांबतो म्हणलाय. आता सांगलीला जावा आन् नीट करून या."

मग काय, गेलो. काकांना घरातनं उठवून नेलं. ह्या खेपंला त्येनी नाही-होय केलं न्हाई, गप पायात चपला घातल्या. सांगलीत शालनचे होणारे सासरे लालासाहेब, चांगला खानदानी माणूस. बसायला दिलं, सरबत दिलं. मी घड्याळ मधी ठेवलं आन् सांगितलं, "ह्यावर आता माझं नाव घालतो. अकराव्या मिन्टाला बंद पडंल. तसंच शालनच्या येळंला पडलं. पोरीत खोट न्हाई, बॅटरीत हाय."

जोतीराम. मीच टायपलं, एका बोटानं. अकरा मिन्टं मी घड्याळाकडं बघत बसलो, मधी कुणीतरी पंखा मोठा केला. अकराव्या मिन्टाला पडदा काळा.

मी वर बघितलं. लालासाहेब माझ्याकडं अशा नजरंनं बघत हुते की जणू दवाखान्यात भेटायला आलेत. "वय काय तुमचं, फौजी?"

"बावन्न."

"बी.पी. हाय?"

"लालासाहेब, बॅटरी मेलीया!" मी म्हणलं.

तवा मधुकाका बोलले. मी सांगितलं नव्हतं बोलायला. ते उठून उभे राहिले आन् हात जोडले. "साहेब, बॅटरी खराब आहे. मला पहिल्या बैठकीतच शंका आली होती. मी माझी अब्रू राखायला खोटं बोललो. दोन्ही मुलींचा काही दोष नाही. यांनाही काही झालेलं नाही."

आयुष्यात येवढं खरं त्यो माणूस पहिल्यांदा बोलला आसंल. आन् लालासाहेबांचं डोळं भरून आलं. त्येनी काकांचा खांदा धरला, बाजूला नेलं, पर मला ऐकू येत हुतं. "बरोबर हाय, काका. माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं? मोठ्या मनाचे तुमी. पर किती दिवस हाईत?"

आमी निघताना लालासाहेब म्हणाले, "शालनचं आमाला वाईट वाटतंय. पर तुमचं जर यंत्र खरं सांगतंय, तर तिचं खोटं कसं मानायचं?" आन् मला उन्हात चालू नगा म्हणून पोराला मोटरसायकल काढायला लावली, स्टेशनपर्यंत सोडायला. त्या पोरानं मला पायरी उतरताना हाताला धरलं. मी झटकलं.

पॅसेंजरमधी काका समोर बसले, मशीन मांडीवर. मी मनात लालासाहेबाला शिव्या देत हुतो, दादासोला देत हुतो, सगळ्या जिल्ह्याला देत हुतो. येडझवी माणसं! अशी बावळट जात जगात दुसरी न्हाई म्हणलं. कराड गेलं, मसूर गेलं.

रहिमतपूरच्या अलीकडं काकांनी हळूच इचारलं, "किती भरले?"

"काय किती?"

त्यांनी माझ्या हाताकडं बोट केलं. माझ्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर हुती. घड्याळ मांडीवर हुतं. मी नाडी मोजत हुतो. कवापासनं मोजत हुतो, मला सांगता येणार न्हाई.

कोरेगावात राजेश्वरी स्टेशनवर आलेली. गाडी थांबायच्या आधीच खिडकीशी चालत आली. "नाना, शालनचं काय झालं?"

सांगलीपासनं हितंवर मी त्या पोरीचा एकदा बी इचार केला नव्हता.